मागील नोकरी : नाही

रविवार, २ जानेवारी १९६६

सकाळी पाच माणसं, पाच पत्रं. जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, रविवार आता माझे. पण तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून बोईसरच्या कचेऱ्यांना माणसं हवीत, आणि इंग्रजी अर्ज नि त्यासोबतचं पत्र नीट लिहून देणारं पालघरात माझ्याशिवाय कुणी नाही. ओटीवर बाक टाकला आहे. मी फी घेत नाही आणि उशिरा आलेल्याला बसवत नाही.

शेवटचा सातपाटीचा दामू. छप्पन्न साली माझ्याच वर्गातून एस.एस.सी. झाला. बरा विद्यार्थी, व्याकरण चांगलं, बोलायला मात्र कमी. एवढ्या उन्हात शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत लावून आला होता. दिवाळीनंतर होडीच्या इंजिनाचं हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. हाड वाकडं जुळलं. आता जाळं ओढता येत नाही, आणि होडीवर इंजिन सांभाळणाऱ्यालाही जाळं ओढावं लागतं, म्हणून त्याच्या जागी दुसरा घेतला. बायको मासळी विकते त्यावर घर चाललं आहे. मेव्हणे म्हणतात, मुंबईला चल, गोदामावर पहारेकरी लावतो. त्याला घर सोडायचं नाही. बोईसरला यंत्रखात्यात मदतनीस हवा आहे. वयाची अट अठ्ठावीसच्या आत. नऊ एप्रिलला दामू अठ्ठावीसचा होतो. म्हणजे जे काय व्हायचं ते या तीन महिन्यांत.

अर्जात एक रकाना होता : मागील नोकरी व पगार.

"पगार किती होता?"

"पगार नाय बाई. वाटा."

"नेमणुकीचं पत्र? मालक कोण?"

त्याने उजवी बाही आणखी खाली ओढली.

"पगार नाही, मालक नाही, म्हणजे नोकरी नाही. नाही तर नाही. खोटं लिहायचं नाही." मी तिथं 'नाही' लिहिलं.

सोबतच्या पत्रात त्याचे परीक्षेतले गुण, चांगली वर्तणूक, प्रामाणिक घराणं, सेवेची संधी मिळाल्यास कृतज्ञ राहीन, असं एक पान घातलं. होडीबद्दल काही घालू का, असं तो चाचरत म्हणाला. मी म्हटलं, "दामू, साहेबाला शिकलेला माणूस हवा आहे. पत्राला मासळीचा वास येता कामा नये."

तो हसला. "मंग मी कुठं लपू, बाई?"

"मुलाखतीला बोलावलं तर कागदात आहे तेवढंच बोलायचं. जास्त बोलणारा माणूस संशय आणतो. आणि बाही खाली ठेव."

पत्र उत्तम झालं आहे.


मंगळवार, ११ जानेवारी

सकाळी रेडिओवर ताश्कंदची बातमी. पंतप्रधान गेले. बाजार आपोआप बंद झाला. शेजारी कुणाकडे चूल पेटली नाही.

दामूला शुक्रवारच्या मुलाखतीचं बोलावणं होतं. ते आता वीस तारखेला गेलं. कृष्णकांत, माझा धाकटा भाऊ, इथेच स्टेशनवर पार्सल कचेरीत आहे. तोच बोईसरहून निरोप घेऊन आला. म्हणाला, "ताई, तुझ्या दामूबरोबर आणखी अकरा जणांना बोलावलंय." बारा जणांत दामूचं पत्र सर्वांत चांगलं असणार. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.


गुरुवार, २० जानेवारी

संध्याकाळी दामू आला आणि ओटीच्या पायरीवर बसला. बाकावर बस म्हटलं तरी तिथेच.

"झालं?"

"झालं."

"काय विचारलं?"

"पयलं नाव-गाव. मग साहेब कागद बघून म्हणाला, छप्पन्न साली शाळा सुटली. नोकरी नाय. दहा वर्षं काय करत होतास?"

"मग तू काय सांगितलंस?"

"कायच नाय."

"काहीच नाही म्हणजे?"

"तुमी म्हणलात, कागदात हाय तेवढंच बोल. कागदात तर कायच नव्हतं."

साहेबाने दोनदा विचारलं, मग पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर रांगेतला एकजण म्हणाला, दहा वर्षं रिकामा? सासरा श्रीमंत दिसतो.

मला इतका राग आला की आवाज चढला. मी म्हटलं, माणसाला प्रसंग पाहून बोलता यायला हवं, ते काय मी शिकवायचं? तो "हो बाई" म्हणाला आणि उठला. माझ्या वर्गात फळा पुसून झाल्यावर म्हणायचा तसंच "हो बाई."

चूक त्याची आहे. सांगितलेलं शब्दशः पाळणं ही हुशारी नव्हे.


शनिवार, २२ जानेवारी

जेवताना कृष्णकांतने विषय काढला. "ताई, दहातली शेवटची आठ वर्षं हा इंजिन चालवत होता असं स्टेशनवरचे मासळीवाले सांगतात. पगार नव्हता तर काय समुद्रावर हवा खायला जात होता?"

मी त्याला नोकरी या शब्दाचा अर्थ सांगितला. नोकरीला मालक लागतो, वेतन लागतं. वाटा म्हणजे भागीदारी झाली. रकान्यात भागीदारी विचारली नव्हती.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "रकाना पास झाला. दामू नापास."

ताट उचलता उचलता म्हणाला, "आणि सातपाटीच्या बाकीच्या पोरांची पत्रं लिहिलीस, त्यांच्यात काय घातलंस?"

मी उठून ताक आणायला गेले.


सोमवार, ३१ जानेवारी

कृष्णकांतने बोईसरच्या फलकावरची नोटीस उतरवून आणली. डिझेलवर चालणारे पंप आणि जनरेटर सांभाळायला दोन माणसं हवीत. पाच वर्षांचा अनुभव. मागील मालकाचा दाखला. वय अठ्ठावीसच्या आत. अर्ज बारा फेब्रुवारीपर्यंत. कचेरी तीच, साहेब तोच.

नोटीस मी दोनदा वाचली. डिझेलचं इंजिन. पाच वर्षं. हेच ते.

दुपारी दामूची बायको जमना बाजार आटोपून दारात आली. रिकामी पाटी कडेला, तोंडात पान. मी दामूला निरोप धाडला होता, पुन्हा अर्ज करू म्हणून. त्याच्याऐवजी ही आली.

"त्याला परत पाठवू नका, बाई."

"का?"

"गावात नाव पडलं हाय, दहा वर्षं रिकामा. पोरं ओरडतात मागनं. माझे भाव परवा येतील, घेऊन जातील मुंबैला. तिथं नाव तरी कुनाला ठाव नाय."

"ही जागा त्याच्याच कामाची आहे."

"मागची पन व्हती. तुमचं ते पत्र मराठीत वाचून दाखवा मला."

माझ्याकडे प्रत असते. मी वाचून दाखवलं, मराठी करत. प्रामाणिक घराणं, नम्र स्वभाव, आज्ञाधारक, सेवेची संधी. ती पाटीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली :

"हा कोन? ह्याच्याशी माझं लगीन नाय झालं."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "माझा दादला आज्ञाधारक नाय. होडीवरच्या तांडेलाशी भांडून ती मागं फिरवलीन त्यानं, तेल गळतंय म्हणून. सगळ्यांनी शिव्या दिल्या. दुसरे दिवशी वारा सुटला." 

मी म्हटलं, गुरुवारी सातपाटीला येते. भावांना तोवर थांबव.

"मी थांबवीन," ती म्हणाली. "तुमी खरंच येनार? वास येल हां."

दामूने तिला तेही सांगितलं होतं.


गुरुवार, ३ फेब्रुवारी

सकाळच्या एस.टी.ने सातपाटीला. पंचवीस वर्षं सातपाटीची मुलं शिकवली, पण शाळेच्या समारंभाला दोनदा, त्यापलीकडे गावात शिरले नव्हते. किनाऱ्यावर गेलेच नव्हते.

होडी ओहोटीला चिखलात बसली होती. तांडेल धर्माजी, म्हणजे होडीचा म्होरक्या, काठावर जाळं शिवत होता. साठीचा, पाठीतून वाकलेला. मी नोटीस समजावून सांगितली : मागील मालकाचा दाखला पाहिजे.

"मालक?" तो म्हणाला. "मी तांडेल हाय. सुकाणू धरतो, शिव्या घालतो. होडी सोसायटीच्या कर्जावर, कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर. मालक कोन सांगू?"

"मग दामूला कामावर कुणी ठेवलं?"

"ठेवला कुनी नाय. उतरला होडीत. नीट काम केलान, राह्यला."

"त्याला मिळायचं किती? पैसे नकोत, हिशेब कसा ते सांगा."

"खलाशाला एक वाटा. डायवरला दीड."

"दीड का?"

धर्माजीने सुई थांबवली. मी शाळेत एखाद्या मुलाकडे पाहायची तसं माझ्याकडे पाहिलं. "जाळं फाटलं तर मासळी जाते, बाई. इंजिन बंद पडलं तर आमी जातो. म्हणून दीड."

मी हे वहीत लिहून घेतलं. विचारलं, आठ वर्षांत किती वेळा बंद पडलं?

"बंद पडतं. मशीनच हाय. पन आमच्या होडीला दुसऱ्या होडीनं बांधून आनलं असं एकदा पन झालं नाय. विचारा कुनाला. ह्या साली झालं, दोनदा." असं म्हणून त्याने होडीत बसलेल्या एका लुकड्या माणसाकडे हनुवटी केली. तो जिवल्या, याच होडीवरचा खलाशी, आता दामूच्या जागी.

जिवल्या वरून ओरडला, "मला कशाला मधी घेता? मी सांगलंच व्हतं, मला ह्या मशीनची भाषा येत नाय."

दामू तोवर आला होता. मी त्याला इंजिन सुरू करून दाखव म्हटलं. तो होडीत चढला. आधी हँडलला हात लावला नाही. वाकून कान लावल्यासारखा बसला, कुठेतरी फडकं फिरवलं, एक नळी सोडून तेल अंगठ्यावर घेतलं, हुंगलं, परत लावली. मग डाव्या हाताने हँडल धरलं. अंगठा हँडलच्या वरून न घेता बोटांच्याच बाजूला ठेवला. का, असं मी विचारलं. म्हणाला, "उलटं फिरलं तर हात सुटतो. त्या दिवशी घाईत इसरलो."

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. मला त्यातलं काही कळत नाही. एवढं कळलं की आवाज बदलला तसा जिवल्या गप्प होऊन पाहू लागला.

दाखल्याचा प्रश्न राहिला. मालक नाही तर सही कुणाची? शेवटी धर्माजीच म्हणाला, "सात जन होडीत. सातांचा जीव त्याच्या हाताखाली व्हता. सातांची घ्या." मी तिथेच काठावर, उलट्या टोपलीवर कागद ठेवून मराठीत दाखला लिहिला. तीन सह्या, चार अंगठे. जिवल्यानेही अंगठा दिला.

"तू का देतोस?" कुणीतरी त्याला टोचलं.

"हा बोईसरला गेला तर माझा दीड वाटा पक्का नाय का?" सगळे हसले. दामूही.

साडीला चिखल लागला आहे. धुऊन निघेल.


रविवार, ६ फेब्रुवारी

आज कुणालाही बसवलं नाही. बाक आत घेतला.

अडचण अशी आहे. कचेरीत दामूचा पहिला अर्ज आहे. त्याखाली त्याची सही आहे आणि त्यात लिहिलं आहे, मागील नोकरी : नाही. महिन्याभराने तोच माणूस आठ वर्षांचा अनुभव घेऊन आला, तर साहेब एकच म्हणेल : तेव्हा खोटं की आता? नवं पत्र जितकं चांगलं लिहावं तितकं ते खोटं वाटेल.

तेव्हा आधीच्या अर्जाचा खुलासा पाहिजे. सकाळपासून तीन मसुदे केले.

पहिला : 'मागील अर्जात अनवधानाने एक त्रुटी राहून गेली.'

कृष्णकांत दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडानेच म्हणाला, "अनवधान कुणाचं, ताई? त्याचं की तुझं?"

दुसरा : 'स्थानिक प्रथेविषयीच्या गैरसमजातून...' तो मीच फाडला. गैरसमज झाला, तो आभाळातून पडला की काय?

तिसऱ्यात लिहिलं की अर्जदाराने माहिती स्पष्टपणे दिली नव्हती. हे वाक्य लिहून मी चष्मा पुसला. त्याने स्पष्टच दिली होती. 'पगार नाय बाई, वाटा.' याहून स्पष्ट काय सांगायचं माणसाने?

पण मी लिहिलं असं लिहायचं म्हणजे काय, हे माझं मला माहीत आहे. त्या कचेरीत माझे निदान चार विद्यार्थी कारकून आहेत. बाईंचं पत्र म्हणजे बाईंचं पत्र, असं ते सांगतात. बत्तीस साली मी बी.ए. झाले तेव्हा या भागात बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. चौतीस वर्षांत माझ्या लिहिण्यात चूक निघाली नाही. निघाली असेल तर कुणी सांगितली नाही.

आता हे लिहून झाल्यावर ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.


बुधवार, ९ फेब्रुवारी

जमना येऊन गेली. भाऊ रविवारी येणार, त्याच्यापुढे थांबणार नाहीत. "लिवलंत?" तिने विचारलं. नाही म्हणाले. "येवढं काय लिवायचं हाय त्याच्यात?" असं म्हणून ती गेली. हिला काय सांगायचं!


गुरुवार, १० फेब्रुवारी

लिहिलं. दामूच्या अर्जात यावेळी रकान्यात लिहिलं : होडीवर इंजिनचालक, आठ हंगाम, मोबदला दीड वाटा. त्याच्या पत्रात त्याचीच वाक्यं घेतली. त्याला समोर बसवून विचारत गेले आणि तो सांगेल तसं इंग्रजी केलं. तेल कसं तपासतो, थंडीत इंजिन कसं लागतं, खोल पाण्यात बंद पडलं तेव्हा काय केलं. मध्ये दोनदा मला वाक्य सजवायचा मोह झाला. एकदा सजवलंही, तर तो म्हणाला, "बाई, असं नाय झालं." खोडलं.

त्यासोबत माझं स्वतःचं पत्र. इंग्रजीत आहे, इथे मराठीत उतरवून ठेवते.

'महोदय, या अर्जदाराचा २ जानेवारीचा अर्ज आपल्याकडे आहे. त्यात मागील नोकरी नाही, असं लिहिलं आहे. ते मी लिहिलं. त्याने मला खरं सांगितलं होतं. आमच्या किनाऱ्यावर होडीवरच्या माणसाला पगार नसतो, धरलेल्या मासळीत वाटा असतो. पगार नाही म्हणून काम नाही, असं मी ठरवलं. मुलाखतीत तो गप्प राहिला तोही माझ्या सांगण्यावरून. त्याचं उजवं मनगट वाकडं जुळलं आहे. त्याने जड ओढता येत नाही. इंजिन तो डाव्या हाताने सुरू करतो, हे ३ फेब्रुवारीला मी स्वतः पाहिलं. दाखल्यावर मालकाची सही नाही, कारण मालक नाही. ज्या सात माणसांना त्याने आठ वर्षं परत आणलं, त्यांच्या सह्या व अंगठे आहेत. पहिल्या अर्जातील चुकीचा दोष त्याच्याकडे लावू नये.'

खाली नाव, पदवी, पत्ता. कृष्णकांतने वाचलं. नेहमीप्रमाणे काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने पाकीट आणून दिलं.


शनिवार, १२ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. पोस्टाचा भरवसा नको म्हणून स्वतः दामूबरोबर बोईसरला गेले. कचेरीबाहेर पन्नासेक माणसं, निम्मी हिंदी बोलणारी. खिडकीतला कारकून म्हणाला, "एका अर्जाला एकच पत्र लावायचं, बाई. हे दुसरं काढा."

"कोणता नियम?"

"तसं चालत आलंय."

"नियम दाखवा, काढते."

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "चाची, जल्दी करो, धूप है." मी हलले नाही. कारकुनाने दोन्ही कागद टाचणीने एकत्र लावले आणि शिक्का मारला. दामूच्या कपाळावर घाम होता. मला म्हणाला, "बाई, तुमी तांडेल व्हायला पायजे व्हतं." मी त्याला बाही वर करायला सांगितलं. या उन्हात लपवायचं काय आहे आता!


मंगळवार, २२ फेब्रुवारी

बोलावणं दामूला होतं, पण पत्रात खाली हाताने लिहिलं होतं : सोबतचं पत्र लिहिणाऱ्या बाईंनीही यावं.

साहेब तिशीचा असेल, विदर्भाकडचा. खोलीत दोन कारकून, त्यातला एक माझा विद्यार्थी. त्याने उठून नमस्कार केला आणि मग कुठे पाहावं ते त्याला कळेना.

साहेबाने दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "हा पहिला तुम्ही लिहिला?"

"हो."

"आणि हा दुसरा?"

"हो."

"मी कोणता खरा मानू?"

"दुसरा."

"का?"

तयार करून नेलेलं उत्तर होतं. ते बाजूला राहिलं. म्हटलं, "कारण पहिल्याच्या वेळी मी त्याला विचारलं नव्हतं, तपासलं होतं."

साहेब दामूकडे वळून मराठीत विचारू लागला. इंजिन धूर काळा सोडतं तेव्हा काय, पांढरा सोडतं तेव्हा काय. दामू आधी चाचरला. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. मग तो बोलायला लागला. शाळेत सहा वर्षांत बोलला नसेल इतकं बोलला. साहेबाने कागद पुढे केला, त्यावर त्याने डाव्या हाताने काही नळ्या काढून दाखवल्या. एका ठिकाणी साहेब म्हणाला, असं होत नाही. दामू म्हणाला, "व्हतं. पुस्तकात नसंल." साहेब वाकून परत नळ्या बघू लागला.

निघताना मला म्हणाला, "बाई, याला इंग्रजी येत नाही का?"

"येतं. मी शिकवलं आहे. पासष्ट गुण होते."

"मग पत्र त्याने का नाही लिहिलं?"

येताना गाडीत दामू शेजारी बसून धुराविषयी बोलत होता. मी बहुतेक ऐकत होते.


बुधवार, २ मार्च

दामूला घेतलं. सहा महिने तात्पुरता, पहिल्या महिन्यात काम पाहून मग पुढचं. कालपासून रुजू. हे मला त्याने सांगितलं नाही, जमनाने बाजारातून ओरडून सांगितलं, "बाई, तुमचा रिकामा कामाला लागला!" पाच बायका वळून बघायला लागल्या. तिचे भाऊ परत गेले.

संध्याकाळी मी पत्रांच्या प्रतींची फाईल काढली. कृष्णकांतने न विचारताच दिवा जवळ सरकवला. ऑक्टोबरपासून दामूखेरीज सातपाटीच्या नऊ जणांची पत्रं. नऊच्या नऊ अर्जांत मागील नोकरी : नाही. नऊही पत्रांत प्रामाणिक घराणं. कुणाकडे कोणतं काम होतं, कुणी किती हंगाम काढले, याची एका ओळीचीही नोंद नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. एकाचीही नेमणूक झालेली नाही. झाली नाही तेव्हा मला वाटलं होतं, स्पर्धा फार आहे.

कागदावर नावं उतरवून घेतली. होळीला होड्या किनाऱ्याला असतात, माणसं घरी सापडतील.


शनिवार, ५ मार्च

सातपाटी. यादीतलं पहिलं नाव शांताराम. ऑक्टोबरात पत्र लिहिलं होतं. मला आठवतो तो एवढाच की फार मान खाली घालून बसायचा.

त्याची आई भागी अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होती. मी नाव सांगितलं. तिने ओळखलं, पण हात थांबवला नाही.

"शांताराम आहे का? त्याचं पत्र मला पुन्हा लिहायचं आहे. पहिल्यात माझी चूक झाली."

"चूक?"

मी सांगितलं, वाटा, पगार, रकाना, सगळं. ती ऐकत होती, की बोंबील मोजत होती, कळेना. झाल्यावर म्हणाली, "पंधरा वर्षाचा व्हता तवापासून खलाशी. सात वर्षं. तू त्याला काय लिवलंस? काय काम करत नाय?"

"हो."

"त्यानं मला सांगलं नाय. मला सांगलं, बाईनं चांगलं लिवलंय." तिने एक बोंबील वाकडा होता तो सरळ केला. "गेला तो. संक्रांतीच्या मागनं गेला मुंबैला, गोदीत. होळीला पन आला नाय."

"त्याचा पत्ता दे. मी पत्र तयार करून सहीला पाठवते. बोईसरला अजून जागा निघतील."

"नको गं बाई." पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे जास्त कठीण होतं. "तिथं त्याला कुनी कागद मागलाच नाय. हात बघितले नि घेतला."

मी छत्री हातात धरून उभी होते. क्षमा माग असं कुणी मला म्हणालं नाही, तरी मागितली. ती म्हणाली, "बरं," आणि पुढच्या बांबूकडे गेली.

यादीत शांतारामच्या नावापुढे लिहिलं : खलाशी, सात वर्षं. उशीर झाला. मग भागीला पुढचं घर कुठलं ते विचारलं. तिने हाताने दाखवलं, आणि मी त्या दिशेला गेले.